अकरा कात्रणं, बारा किडे

भिंतीवर दोघांनाच जागा असते, असं अण्णा म्हणायचे. एक देवांना आणि दुसरी गेलेल्यांना. अण्णा म्हणजे माझे वडील. नगरला बाजारपेठेच्या मागच्या बोळात त्यांचं फ्रेमचं दुकान होतं. पुढे दुकान आणि मागच्या दोन खोल्यांत आम्ही. लहानपणी मी जेवायला बसले की समोर दत्त, लक्ष्मी, विठोबा आणि कुणाकुणाचे टोपी घातलेले आजोबा ओळीने उभे असत. कुणाचे आजोबा कधी न्यायला येतील याचा नेम नसे. एक आजोबा तर दोन वर्षं राहिले आमच्याकडे. आईने त्यांच्यासाठी चहा टाकायचा तेवढा बाकी ठेवला होता.

त्या दुकानात एकाहत्तरच्या उन्हाळ्यात एक बाई किडे घेऊन आल्या.

मी मॅट्रिकची परीक्षा देऊन निकालाची वाट बघत बसले होते, म्हणजे दिवसभर दुकानात लुडबुड करत होते. बाई पन्नाशीच्या असतील. कपाळ मोकळं, डोळ्यांवर जाड चष्मा, बोलणं मोजकं. त्यांचे यजमान शेतकी खात्यात मोठे अधिकारी होते आणि दोन वर्षांपूर्वी वारले होते, एवढं त्यांनी आपणहून सांगितलं. सावेडीच्या बाजूला त्यांनी लहानसं घर बांधलं होतं आणि अक्षय्य तृतीयेला त्याची वास्तुशांत होती. काखेतलं जुन्या लुगड्याचं गाठोडं त्यांनी आमच्या टेबलावर सोडलं. आत जाड, पिवळट कागदावरची बारा चित्रं होती.

"इंग्रजांच्या वेळचं एक भलंमोठं पुस्तक होतं," त्या म्हणाल्या. "त्याला वाळवी लागली. एवढीच वाचली."

किड्यांचं पुस्तक किड्यांनीच खाल्लं म्हटल्यावर मला हसू आवरेना. अण्णांनी डोळे वटारले, पण बाईही हसल्या.

मी तोवर किडा बघितला की चप्पल शोधणारी मुलगी होते. त्या चित्रांवरून मात्र माझी नजर हटेना. प्रत्येक कागदावर एक फांदी किंवा एखादं पान, आणि त्यावर एकाच जिवाची सगळी रूपं: कोपऱ्यात अंडी, पानाच्या कडेला अळी, देठाला कोष आणि वर पंख पसरलेलं पाखरू. अळीच्या अंगावरचे केस मोजता येत होते. कुणीतरी समोर बसून, न कंटाळता, एकेक केस काढला होता. कुठे बसला असेल तो माणूस? अळी हलली तर काय करत असेल? मला शंभर प्रश्न पडले आणि विचारायला कुणी नव्हतं.

अण्णांना एकच प्रश्न पडला. "बाई, ह्ये लावनार कुठं?"

"बैठकीत. समोरच्या भिंतीवर, चार-चारच्या तीन ओळी."

"पावनं-रावळं बसत्यात तिथं?"

"तिथंच."

 मग अण्णांनी गिऱ्हाइकाचं मन राखायला आपली खासियत पुढे केली. "टिकल्या लावू का?" देवाच्या चित्रावर मुकुटाला, शालूच्या काठाला जर आणि टिकल्या चिकटवण्यात त्यांचा हात धरणारा नगरात कुणी नव्हता.

"नको हो," बाई म्हणाल्या. "त्यांच्या पंखांवर देवाने लावल्यात तेवढ्या पुरेत."

बाई गेल्या आणि दुपारी अण्णांनी कामाला हात घातला. आता जे झालं ते सांगायचं तर आमच्या धंद्यातली एक रीत सांगायला हवी. देवाचं चित्र बाजारातून येतं तेव्हा त्याच्या खालच्या कोऱ्या पट्टीत छापखान्याचं नाव, नंबर, असलं काहीबाही बारीक अक्षरात असतं. फ्रेमवाला पहिल्यांदा काय करतो, तर लोखंडी पट्टी ठेवून सुरीने ती कड उडवतो. देवाच्या पायाखाली छापखाना नको, असं अण्णांच्या उस्तादांनी त्यांना शिकवलं होतं. तीस वर्षांत अण्णांनी किती हजार कडा उडवल्या असतील देव जाणे. हात आपला आपण चालायचा. त्या दुपारीही चालला. बाराही चित्रांखाली इंग्रजी लिपीत छापलेली ओळ होती आणि तिच्याखाली पेन्सिलीची गिचमीड. अण्णांना ती कागदाची घाण वाटली. त्यांनी बारा कडा उडवल्या, कात्रणाच्या पोत्यात टाकल्या आणि चित्रं एकसारखी झाली म्हणून समाधानाने पान खाल्लं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाई परत आल्या. बाहेर टांगा उभा होता, त्यात ट्रंक होती. पुण्याला बहिणीकडे निघाल्या होत्या, वास्तुशांतीच्या आदल्या दिवशी परतणार होत्या.

"एक सांगायचं राहिलं," त्या उंबऱ्यातूनच म्हणाल्या. "चित्रांच्या खाली पेन्सिलीने लिहिलेलं आहे ना, ते काचेतून दिसलं पाहिजे. यांचं अक्षर आहे ते. डायऱ्या सगळ्या ऑफिसने नेल्या. घरात त्यांच्या हातचं तेवढंच उरलंय."

अण्णांच्या हातात चिकटवायच्या सरसाचं भांडं होतं. सरस वितळवायला शेगडी नेहमीसारखी पोत्यातल्या मूठभर कात्रणांनी पेटवली होती.

"व्हय बाई," अण्णा म्हणाले. "दिसंल की."

टांगा गेला. अण्णांनी भांडं खाली ठेवलं आणि ते शेगडीकडे बघत राहिले. मी त्यांना गिऱ्हाइकाशी खोटं बोलताना त्याआधी कधी ऐकलं नव्हतं. मला त्यांचा राग आला आणि लगेच कीवही आली, कारण त्यांचा चेहरा पार उतरला होता.

"पोतं उलटं कर," ते म्हणाले.

आम्ही दोघांनी आणि आईने मिळून ते पोतं ओट्यावर ओतलं. गणपतीखालचे छापखाने, लक्ष्मीखालचे छापखाने, कुणाच्या लग्नाच्या फोटोची कड. त्यातून पिवळट कागदाची कात्रणं मी एकेक करून वेगळी काढली. अकरा निघाली. पुन्हा सगळं पाखडलं. अकराच. बारावं शेगडीत गेलं होतं. अण्णांनी चिमट्याने राख उकरून बघितली; त्यात काय सापडणार होतं?

अकरा तर अकरा, निदान ती जागच्या जागी लावू, असं ठरलं. तिथे दुसरी अडचण. अण्णांचा हात इतका पक्का होता की सगळी कात्रणं एकाच मापाची, रेघेत कापलेली. कुठलं कुठल्या चित्राचं हे कळायला काही खूणच नाही. छापील ओळ मला वाचता येत होती, पण ते इंग्रजीही नव्हतं. शास्त्रीय नावं असावीत एवढा अंदाज आला. कॉलेजात विचारावं तर सुट्टी लागलेली. आणि अण्णांची एक अट होती: दुकानातली गोष्ट गावभर करायची नाही.

मग मी पेन्सिलीचं अक्षर लावायला बसले. ते एकदा डोळ्याला बसलं आणि माझ्या लक्षात आलं की ही गिचमीड नाहीच. साहेबांनी, म्हणजे बाईंच्या यजमानांनी, प्रत्येक चित्राखाली तो किडा आपल्या जिल्ह्यात कुठे भेटला ते लिहून ठेवलं होतं, आणि त्याचं नाव कुणी सांगितलं तेही. "नेवासा. भोपळ्याचा वेल. तांबडा भुंगेरा, पानं चाळणी करतो. सांगणारी माळीण." "शेवग्यावर सुरवंट. हात लावू नका माळीण म्हणाली, लावला. दोन दिवस खाज." इतका मोठा अधिकारी आणि माळणीचं न ऐकता सुरवंटाला हात लावतो! मला तो माणूस एकदम आवडायला लागला. तो आता भेटणार नाही याचं वाईट वाटलं.

भोपळा आणि शेवगा आईने चित्रं बघताच ओळखले. पण पुढे तिचंही ज्ञान संपलं. ती नगरातच वाढलेली. माझं तर विचारूच नका. एका कात्रणावर "तिळात" असं होतं. तीळ म्हणजे लाडू एवढंच मला ठाऊक. त्याचं झाड कसं असतं, उभं की वेल, हे सतरा वर्षांत कधी मनातही आलं नव्हतं. ज्या झाडांचं मी रोज खात होते त्यांची मला ओळख नव्हती.

मी चित्रं मऊ कापडात गुंडाळून सकाळी सकाळी भाजीबाजारात न्यायला लागले. कुणी विचारलं तर परीक्षेचं काम म्हणून सांगायचं, असं मी ठरवलं होतं. कुणी विचारलंच नाही. भाजीवाल्या बायकांनी चित्रं बघितली आणि गिऱ्हाईक सोडून माझ्याभोवती गोळा झाल्या. एकीने कपाशीवरचा तांबडा ढेकूण ओळखला. दुसरीने लिंबाच्या पानावरची काळी-पांढरी अळी दाखवून सांगितलं, "ही लबाड हाय. चिमणीच्या शीटावानी दिसती. आमी पन फसतो." मी घरी येऊन कात्रण काढलं: "लिंबू. पक्ष्याची विष्ठा समजून सोडून दिली. परत फिरलो." तीही बसली जागेवर. आईच्या दोन धरून चार दिवसांत सहा जोड्या लागल्या आणि मला चटकच लागली. आता मी रस्त्याने जाताना एरंडाचं पान उलटं करून बघायला लागले होते. शेजारच्या काकू आईला विचारून गेल्या, पोरीचं काही हरवलंय का.

उरलेल्या कात्रणांत दोन-तीनदा घोडेगावचं नाव होतं. तिथे जनावरांचा मोठा बाजार भरतो. चार तालुक्यांतले शेतकरी एका जागी सापडतात. बाजाराच्या दिवशी अण्णांनी दुकान बंद ठेवलं. ही गोष्टही मी आधी कधी बघितली नव्हती. औरंगाबादकडे जाणारी एस.टी. धरून आम्ही घोडेगावला उतरलो. धूळ, शेण, बैलांच्या शिंगांना नवीन रंग, रुमालाखाली बोटं धरून चाललेले सौदे. अण्णांनी एका कडुलिंबाखाली पोतं अंथरलं, त्यावर कापड आणि कापडावर सहा चित्रं मांडली. मी बाजूला कात्रणं मुठीत घेऊन बसले.

पाच मिनिटांत घोळका झाला.

"औषीद कितीला?" एकाने विचारलं.

"औषीद न्हाई," अण्णा म्हणाले.

"मंग किडं कशाला मांडलं?"

"वळखायला."

"आमच्या वावरात त्ये हाईतच की. आमी फुकट वळखतो."

सगळे हसले, पण कुणी हललं नाही. एक म्हातारे बाबा उकिडवे बसले आणि बाजरीच्या कणसावरच्या किड्यावर त्यांनी बोट ठेवलं. "हिंगं. फुलोरा खातंय. अंगावर चिरडलं तर फोड येतो बगा, असा." त्यांनी बाही वर करून फोडाची जुनी जागाही दाखवली. मी कात्रण वाचलं: "बाजरी. हिंगे. बाबांनी फोड दाखवला."  म्हटलं, हेच बाबा तर नसतील? विचारलं, तर ते म्हणाले, "आसतीन बी. कुनी ना कुनी सायब येतो आन् इचारून जातो."

शेळ्या घेऊन आलेल्या एका बाईंनी पिवळ्या-निळ्या पट्ट्यांचा टोळ ओळखला. "ह्यो रुईवरचा. शेळीसुदिक रुईला तोंड लावत न्हाई, आन् ह्यो बसून खातो. इख पचवतो मेला." मग आला तिळाचा नंबर. हाताच्या बोटाएवढी हिरवी अळी, शेपटीला वाकडं शिंग, आणि वर तिचंच पाखरू, ज्याच्या पाठीवर माणसाची कवटी काढल्यासारखी खूण. कवटी बघून दोघे-तिघे मागे सरकले. अळी मात्र सगळ्यांनी ओळखली आणि झाडही. अशा रीतीने मी तिळाचं झाड पहिल्यांदा बघितलं, तेही कागदावर.

"आणि ही अळीच पुढे हे पाखरू होते," मी शाळेतलं ज्ञान पाजळलं.

"काय सांगती!" एक फेटेवाले म्हणाले. "अळी येगळी, पाखरू येगळं. येका पानावर गाठ पडली आसंल दोगांची."

"अहो, पुस्तकात आहे."

"पुस्तकवाल्यानं बगितलं का डोळ्यानं?"

मी तावातावाने भांडायला लागले. शेळीवाल्या बाई माझ्या बाजूने उतरल्या. त्यांनी म्हणे लहानपणी मडक्यात अळी ठेवली होती आणि एक दिवस मडक्यातून पाखरू उडालं होतं. फेटेवाले म्हणाले, मडक्याचं तोंड उघडं राहिलं असेल. हा वाद अर्धा तास चालला. एका माणसाचा बैल तोवर सुटून भलतीकडे गेला. परतताना एस.टी.त अण्णा मला म्हणाले, "तुला कोर्टात वकील करायला पायजे." बऱ्याच दिवसांनी त्यांचा चेहरा जरा सैल झाला होता.

घोडेगावने चार जोड्या लावून दिल्या. दहा चित्रांना आपापली कात्रणं मिळाली. अण्णांनी त्यांच्यासाठी एक युक्ती काढली. पुठ्ठ्याला दोन खिडक्या कापल्या: वरच्या मोठ्या खिडकीत चित्र, खालच्या अरुंद खिडकीत कात्रण. कापल्याची रेघ पुठ्ठ्याखाली गेली. मुद्दामच तसं केलंय असं वाटावं, इतकं ते छान दिसत होतं.

आता उरली दोन चित्रं आणि एक कात्रण. एक चित्र होतं एरंडाच्या पानावरच्या उंटअळीचं, पाठीची कमान करून वीत टाकत चालते ती. दुसरं बाभळीच्या फांदीवरच्या सोनपाखराचं, हिरव्या-सोनेरी पाठीचं; बाराही चित्रांत सगळ्यांत देखणं. दोन्हींची नावं आम्हाला कुणी सांगायला नको होती. पण उरलेल्या कात्रणात ना गाव होतं, ना झाड, ना सांगणारा. एवढंच होतं: "डबीतून घरी नेलं. टेबलावर सोडलं. सौ. हसली. बऱ्याच दिवसांनी."

मला तर यात कोडं दिसेना. "सोनपाखरूच," मी म्हटलं. "कोणती बाई अळी बघून हसेल? लाव, अण्णा."

आईचंही तेच मत पडलं.  अण्णांनी मात्र ते कात्रण दोन काचांमध्ये जपून ठेवलं आणि दुसऱ्या कामाला लागले.

वास्तुशांतीला तीन दिवस राहिले. मला उंटअळीखालची रिकामी खिडकी बघवेना. साहेबांचं अक्षर आता माझ्या बोटांत बसलं होतं. मी शाळेत असताना वर्गाच्या बाईंच्या सहीचीही नक्कल करत असे. एका दुपारी अण्णा जेवायला आत गेले असताना मी जुन्या पिवळ्या पुठ्ठ्याचा पापुद्रा काढला, मापात कापला आणि पेन्सिलीने लिहिलं: "पारनेर. एरंडावर उंटअळी. सांगणारा गुराखी." हुबेहूब जमलं. छापील ओळ कुठून आणायची हा विचार मी केलाच नव्हता, पण आनंद इतका झाला होता की मी ते अण्णांना दाखवायला आत पळाले.

अण्णांनी हात धुतले, पुसले आणि कात्रण हातात घेतलं. 

"तू फोटूखाली नावं लिवतीस ना दुकानात?" त्यांनी विचारलं. गेलेल्या माणसांच्या फोटोखाली नाव आणि तिथी लिहायचं काम माझ्याकडेच असे.

"हो."

"येकाच्या फोटूखाली दुसऱ्याचं नाव लिवशील?"

"हे किडे आहेत, अण्णा."

"लिवनारा मानूस व्हता," ते म्हणाले. "त्येनं न लिवलेलं तू त्येच्या नावावर घालनार? आन् त्या बाई रोज सकाळी ह्याच्याम्होरं बसून तुझं अक्षर वाचनार?"

त्यांनी आवाज चढवला नाही, पण मला रडू फुटलं. त्यांनी ते कात्रण मलाच परत दिलं आणि मी ते माझ्या हाताने फाडलं. मग, रागाने म्हटलं तरी चालेल, मी विचारलं, "मग तुम्ही तरी खोटं का बोललात त्यांच्याशी?" अण्णा म्हणाले, "भ्यालो." एवढं बोलून ते पुन्हा जेवायला बसले, पण भाकरी तशीच राहिली.

अक्षय्य तृतीयेच्या आदल्या दुपारी आम्ही हातगाडीवर बारा फ्रेमा घालून सावेडीला गेलो. घराला चुन्याचा ताजा वास होता. बैठकीत अजून सामान नव्हतं, दोन खुर्च्या आणि बाईंची ट्रंक. अण्णांनी फ्रेमा भिंतीशी टेकवून उभ्या केल्या, टोपी काढली आणि खुर्चीवर न बसता उभ्यानेच सगळं सांगितलं. कडा कापल्या, शेगडीत एक गेली, तुम्ही टांगा थांबवून सांगितलंत तेव्हा सगळं झालेलं होतं आणि मी बोललो नाही. काही लपवलं नाही, काही सावरलं नाही. मी खाली बघत उभी होते.

"बारा दिवस तुम्हाला ठाऊक होतं," बाई म्हणाल्या.

"व्हय."

बाई पहिल्या फ्रेमपाशी वाकल्या. चष्मा वर ढकलून त्यांनी खालची खिडकी वाचली. मग दुसरी. शेवग्याच्या सुरवंटापाशी त्या थांबल्या. "हाताला पट्टी बांधून आले होते," त्या स्वतःशीच म्हणाल्या. "मला म्हणाले, गरम पाण्याने भाजलं." दहाही वाचून होईपर्यंत त्या जमिनीवर बसल्या होत्या. "मी हे कधी वाचलंच नव्हतं. मला वाटायचं, किड्यांचं काहीतरी असेल."

अण्णांनी शेवटच्या दोन फ्रेमा आणि दोन काचांमधलं कात्रण त्यांच्यासमोर ठेवलं. "ह्ये दोन्हीतलं कशाचं, त्ये आमाला उमगना. तुमास्नीच ठावं."

बाईंनी वाचलं. त्यांचा हात काचेवरच राहिला. मला वाटलं, त्या आठवत असतील. त्या आठवत नव्हत्या. त्यांना लगेच कळलं होतं.

"उंटअळी," त्या म्हणाल्या. "टेबलावर यांचा चष्मा होता. ती त्याच्या काडीवर चढली आणि वीत टाकत टाकत टोकाला गेली. तिथे काडी संपली, तरी ती पुढे हवेतच वीत टाकत राहिली, पुन्हा पुन्हा. यांनी शेवटी तिला बोट दिलं. मला इतकं हसू आलं... आमची मुलगी जाऊन सहा महिने झाले होते. घरात कुणी मोठ्याने बोलतसुद्धा नव्हतं." त्यांनी डोळे पुसले. "मी हसले, हे त्यांनी लिहून ठेवलंय."

 माझं चाललं असतं तर ते हसू मी सोनपाखराखाली चिकटवून टाकलं असतं, आणि वर माझं अक्षर.

अण्णांनी तिथेच फ्रेम उघडली, कात्रण उंटअळीखाली बसवलं आणि मागून बारीक खिळे ठोकले. आता एकच फ्रेम राहिली. सोनपाखराखालची खिडकी कोरी होती. आत नुसता पांढरा कागद.

"ह्येचं मी जाळलं, बाई. काय व्हतं त्ये आता कुनालाच सांगता यायचं न्हाई."

"मला राग आलाय तुमचा," बाई म्हणाल्या. "तो इतक्यात जाणार नाही."

"नगं जाऊ द्या."

त्या सोनपाखराकडे वळल्या. मग त्यांनी विचारलं, "तुमचं गाव कोणतं?"

"पारनेरकडचा हाय मी."

"तुमच्याकडे ह्याला काय म्हणतात?"

"सोनपाखरूच म्हनत्यात. बाभळीवर लई असायची. आमी पोरं काडीपेटीत ठेवायचो. पाला घातला तर आत अंडं घालायचं, साबुदाण्याएवढं. आमी त्ये सगळ्या गावाला दाखवत हिंडायचो." अण्णा बोलता बोलता थांबले, इतकं बोलल्याचं त्यांनाच नवल वाटलं असावं.

बाई उठल्या. ट्रंकेतून त्यांनी एक पेन्सिल काढली आणि अण्णांच्या पुढे धरली. "लिहा."

"सायबांच्या जागी माजं अक्षर? न्हाई, बाई."

"बाकीच्या अकरांतले किती त्यांनी स्वतःच्या डोक्यातून लिहिलेत? माळणीला विचारलं, शेतकऱ्याला विचारलं आणि मग लिहिलं. बारावं तुम्हाला विचारलं असतं, तर तुम्ही हेच सांगितलं असतं ना?"

अण्णांनी माझ्याकडे बघितलं. "हिला सांगतो, ही लिवंल. हिचं अक्षर चांगलं हाय."

"तुम्ही लिहा," बाई म्हणाल्या.

अण्णांनी फ्रेम मांडीवर घेऊन उघडली. देवांच्या मुकुटावर मोहरीएवढ्या टिकल्या बसवणाऱ्या त्यांच्या हाताने पेन्सिल सुरीसारखी धरली. जीभ दातांत धरून, एकेक अक्षर थांबून, त्यांनी लिहिलं: "सोनपाखरू. पारनेरकडं, बाभळीवर. पोरं काडीपेटीत ठेवत्यात. पाला घातला तर अंडं घालतं. सांगणारा फ्रेमवाला." मग, जागा उरली होती तिथे, बारीक अक्षरात आणखी लिहिलं: "आधी साहेबांनी लिवलं होतं ते यानंच जाळलं."

बाईंनी फ्रेम हातात घेऊन वाचली. शेवटची ओळ पुसायला सांगतील असं मला वाटलं. खोडरबर आहे का, असं मी विचारणारही होते.

"राहू द्या ते," त्या म्हणाल्या. "खरंच आहे." आणि खिळा कुठे ठोकायचा ते दाखवायला त्या भिंतीकडे गेल्या.